उजव्या डोळ्याची भिंत

आमचं घर अजून बांधून पुरं व्हायचं आहे, असा आमच्या गल्लीचा गेली चाळीस वर्षं ठाम समज आहे. तंजावुरात विटेवर गिलावा नसलेलं घर म्हणजे अर्धवट राहिलेलं घर. अप्पांनी बाहेरच्या भिंती मुद्दाम, हौसेनं उघड्या विटांच्या ठेवल्या, हे आजवर कुणालाही पटलेलं नाही. माझ्या लहानपणी पाहुणे फाटकातूनच विचारायचे, "गिलावा कधी?" मी कॉलेजात गणित शिकवायला लागले तेव्हाही तेच विचारायचे. एका पोंगलला समोरच्या घरातल्या हेडमास्तरांना आमची दया आली आणि त्यांनी आमच्या फाटकाला एक राक्षसाचा मुखवटा आणून बांधला. बांधकाम चालू असलं की दृष्ट लागू नये म्हणून इकडे असा मिशाळ, जीभ बाहेर काढलेला मुखवटा टांगतात आणि काम संपलं की उतरवतात. "काम कितीही लांबलं तरी दृष्टीची काळजी घ्यावी," असं म्हणून ते गेले. अप्पा दोन दिवस धड जेवले नाहीत. मुखवटा मात्र तिथेच राहिला.

अप्पा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. जन्मभर त्यांनी कावेरीच्या कालव्यांवर मदगू बांधले. मदगू म्हणजे कालव्याचं पाणी शेताकडे सोडायचं विटांचं दार. दुसरं काही बांधायची सवयच नसल्यामुळे घरही त्यांनी तसंच बांधलं: दोन्हीकडे जाड भिंती, मध्ये कमान, वर चिंचोळ्या खिडक्या. आई पहिल्यांदा आत शिरली तेव्हा चारी बाजूंना बघून तिनं विचारलं होतं म्हणे, "बरं, पाणी कुठून सोडायचं?"

विटा त्यांनी तिरुवैयारुच्या पलीकडच्या भट्टीवरून आणल्या. एकेक वीट दुसरीवर वाजवायची, कान लावायचा, खणखणीत वाजली तरच गाडीत चढवायची. लोक तिरुवैयारुला गाणं शिकायला जातात, हे विटांचं गाणं ऐकायला गेले, असं आई अजून म्हणते. पण विटा खरोखर देखण्या होत्या. कुंकवाच्या करंड्यात चिमूटभर कॉफीची पूड सांडावी, तसा त्यांचा रंग होता. अप्पा संध्याकाळी खुर्ची उलटी मांडून, रस्त्याकडे पाठ करून, आपल्याच भिंतीकडे बघत बसायचे. रोज. इतर लोक रस्त्यावरची गंमत बघायला ओसरीवर बसतात.

चाळीस वर्षांचं ऊन आणि तळातून वर चढलेला लोणा यांनी त्या विटांचं काय करायचं ते केलं. भिंत फिकी पडत पडत चहात भिजवून विसरलेल्या बिस्किटासारखी झाली. जागोजाग मिठाचे पांढरे पट्टे उठले. हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, अप्पांना दिसत नव्हतं, कारण त्याच वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. भिंत जेवढी फिकी होत गेली तेवढे त्यांचे डोळे तपकिरी होत गेले. दोघांनी जणू ठरवून एकमेकांना सांभाळून घेतलं. अप्पांच्या लेखी भिंतीचा रंग चाळीस वर्षांत एका रेघेनंही हलला नव्हता. आम्हीही बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढून आम्ही ऑटोनं घरी निघालो. अप्पा लहान मुलासारखे बाहेर बघत होते. बसचा निळा रंग, फुलवालीच्या टोपलीतली अबोली, पाट्यांवरची अक्षरं, सगळ्याची मोठ्यानं नोंद घेत होते. ऑटो आमच्या फाटकापुढे थांबली. अप्पांनी बाहेर पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "इथे नव्हे. पुढे घ्या."

"अहो, घर आलं," आई म्हणाली.

"हें आपलं घर नव्हे."

ड्रायव्हर बिचारा आज्ञाधारक होता. त्यानं वसाहतीला एक पूर्ण फेरी घातली आणि ऑटो पुन्हा तिथेच आणून उभी केली. अप्पांनी पुन्हा मान हलवली. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नुसत्या डाव्यानं पाहिलं. "हां," ते म्हणाले, "आलं." आणि उजवा डोळा तसाच झाकून, माझा खांदा धरून, ते घरात शिरले.

पुढचं सगळं रामायण या एका हातातून निघालं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरानं ठरलं होतं. अप्पांनी ते रद्द केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "डाव्यानं मला माझं घर दिसतं. तो डोळा मी द्यायचा नाहीं." डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की डावा मोतीबिंदू जास्त पिकला आहे, तो आणखी कडक होत चालला आहे, आत दाब वाढला तर डोळाच जाईल. नवी तारीख दिली. अप्पांनी तीही रद्द केली. तिसरी तारीख देताना बाई म्हणाल्या, "यानंतर मी हात लावेन की नाही, सांगता येत नाही."

मी घरी येऊन भांडले. माझा आवाज हेडमास्तरांच्या घरापर्यंत गेला असणार. विटांसाठी डोळा घालवणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. अप्पा शांतपणे ऐकत होते. ऐकताना त्यांचा नवा डोळा मिटलेला होता, त्यामुळे माझा राग त्यांना नीट दिसतही नसावा. शेवटी मी म्हटलं, "भिंत पहिल्यासारखी झाली तर?"

"विटेला रंग लावूं देणार नाहीं मी."

"रंग नको. नुसता डाग. गेरूचा. विटेनं पिऊन टाकायचा."

यावर ते विचारात पडले. रंग वर बसतो आणि डाग आत जातो, हा फरक इंजिनियरला पटण्यासारखा होता. "डाग चालेल," ते म्हणाले. "पण डाव्या डोळ्याला जें दिसतं, तें उजव्याला दिसलं पाहिजे. मग येतों मी ऑपरेशनला. शब्द देतों." तिसऱ्या तारखेला अडीच आठवडे उरले होते.

रंगारी आला तो साठीचा, शांत, पान खाणारा माणूस होता. तो तमिळच बोलायचा. फाटकातून आत येतानाच त्यानं भिंतीकडे पाहून हात जोडले आणि म्हणाला, "सार, शेवटी गिलावा करताय ना?" डाग द्यायचा आहे हे कळल्यावर तो एवढा हिरमुसला की मला त्याला कॉफी द्यावी लागली. मग त्यानं आमचा जुना मुखवटा पाहिला, काळजीनं त्याच्या मिशा झटकल्या आणि शेजारी स्वतःचा एक नवा मुखवटा टांगला. आता आमच्या फाटकावर दोन राक्षस झाले.

त्यानं काथ्याच्या ब्रशनं लोणा घासून काढला आणि भिंतीच्या कोपऱ्यात, परातीएवढ्या जागेत, गेरूचं पहिलं पाणी दिलं. वाळल्यावर अप्पा समोर उभे राहिले. डावा डोळा झाकून उजव्यानं पाहिलं. "ठीक आहे." उजवा झाकून डाव्यानं पाहिलं. "ही तर कॉफी झाली."

रंगाऱ्यानं गेरू कमी केला. उजव्यानं पाहिलं, फिकं. डाव्यानं पाहिलं, बरं, पण उजव्याशी जुळत नाही. त्यानं थोडी पिवळी माती घातली. उजवा म्हणाला हळद, डावा म्हणाला गूळ. काजळी घातली, विटांची भुकटी घातली, चुन्याची निवळी घातली. सहा दिवसांत भिंतीवर सहा तुकडे झाले आणि एकाही तुकड्यावर अप्पांच्या दोन डोळ्यांचं एकमत होईना. डावा नेहमी जास्त गडद. एकदा वैतागून अप्पांनी दोन्ही डोळे आळीपाळीनं झाकत फाटकावरच्या नव्या मुखवट्याकडे पाहिलं. तो मुळातच काळा कुळकुळीत होता. "ह्या राक्षसाबद्दल मात्र दोघांचं जुळतं," ते म्हणाले.

मी तीस वर्षं गणित शिकवते आहे, आणि सरळ गोष्ट लक्षात यायला मला सहा दिवस लागले, याची लाज अजून जात नाही. जुळणार कसं? डाव्या डोळ्यात त्याचा स्वतःचा एक हात मारलेला होता. भिंतीवर काहीही लावा, डावा त्यावर आपला तपकिरी हात फिरवणारच. भिंत गडद करत जावं तसा तो पुढे पुढे पळणार. आपल्याच सावलीला पकडायला निघालेल्या माणसासारखे आम्ही सगळे त्याच्यामागे धावत होतो.

मी हे अप्पांना समजावलं. ते चिडले. माझ्यावर नव्हे, स्वतःवर. एवढी साधी चूक त्यांच्या हाताखालच्या कुणी केली असती तर त्याला त्यांनी एखाद्या मदग्यावर उन्हात उभं केलं असतं. पण मग त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. त्यांनी हुकूम सोडला: कमानीच्या डावीकडची भिंत जशी आहे तशी, फिकीच राहू द्यायची. उजवीकडे डागांचे नमुने लावायचे. डाव्या डोळ्यानं फक्त डावी भिंत बघायची, उजव्यानं फक्त उजवी. दोघांना एकमेकांकडचं दिसता कामा नये. मध्ये पडदा पाहिजे.

पडदा म्हणून आईचं तांदूळ पाखडायचं सूप निघालं. अप्पा रोज सकाळी आठला, उजेड सारखा असतो म्हणून, रस्त्याच्या बरोब्बर मध्ये उभे राहायचे आणि सूप उभं धरून त्याची कड नाकावर टेकवायचे. मग डावा डोळा डाव्या भिंतीवर, उजवा उजव्या भिंतीवर. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, धोतर खोचलेलं, नाकाला सूप. टाऊन बसच्या वाटेवर जाणाऱ्या मोपेडी थांबायला लागल्या. एका बाईनं लांबूनच हात जोडले आणि आईला विचारलं, हे कुठलं व्रत. आई म्हणाली, "आमच्या मराठी लोकांत असतं." ती बाई विश्वास ठेवून गेली.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तर रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, मला बघू द्या. त्यांनाही मोतीबिंदू होता, पण दोन्ही डोळ्यांत सारखा, त्यामुळे त्यांचं मत गडद निघालं. त्यांच्यापाठोपाठ वसाहतीतले आणखी तिघं म्हातारे आले. एकाची दोन्ही ऑपरेशनं झालेली, एकाला लाल-हिरवं ओळखू येत नव्हतं, आणि एकाचे डोळे धडधाकट होते पण त्याला सूप धरायची हौस होती. रोज आठ वाजता आमच्या दारात पाच म्हातारे रांगेत उभे राहून आळीपाळीनं सूप नाकाला लावायचे आणि तावातावानं मतं द्यायचे. रंगारी दर वेळी विचारायचा, "कुठला डोळा धरू, सार?" आईनं त्या आठवड्यात तांदूळ न पाखडताच शिजवले.

शेवटी रंगाऱ्यानं ठेवणीतला उपाय काढला. त्याचा आजा जुन्या चुनेगच्चीच्या कामात होता. त्याच्याकडून आलेली रीत म्हणजे हिरड्याचा काढा, चुन्याची निवळी, गेरू आणि सगळं धरून ठेवायला गुळाचं पाणी. अप्पांचा चेहरा खुलला. खात्यातल्या सगळ्यात जुन्या मदग्यांचा चुना असाच मळलेला होता, हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी रंगाऱ्यानं कमानीच्या उजव्या बाजूला पुरुषभर उंचीचा तुकडा केला. वाळता वाळताच अप्पांनी सूप लावलं. बराच वेळ ते हलले नाहीत. मग सूप खाली करून म्हणाले, "हेंच."

मला रडू यायचं बाकी राहिलं. ऑपरेशनला पाच दिवस होते. उद्या सकाळपासून सगळं घर याच रंगात, असं ठरलं.

सकाळी मी दार उघडलं तर दूधवालीची गाय आमच्या कमानीपाशी उभी होती आणि भिंत चाटत होती. घाई न करता, खालून वर, एका ओळीनंतर दुसरी ओळ, अगदी रंगाऱ्याच्या शिस्तीनं. विटांतला लोणा खारट आणि वरून गुळाचं पाणी, तिला आणखी काय पाहिजे? तिची जीभ पोचेल तिथपर्यंत तुकडा साफ झाला होता. तिच्या जिभेच्या वर जे उरलं होतं ते मुंग्या दरजांमधून ओळीनं नेत होत्या. अप्पा बाहेर आले. उजव्या डोळ्यानं त्यांना एकेक मुंगी स्वच्छ दिसत होती, आणि त्यांनी ती बघितली. मग ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

रंगाऱ्यानं त्याच प्रमाणात पुन्हा कालवून दाखवलं. अप्पांनी सूप न लावताच सांगितलं, तो हा नव्हे. गूळ बाद झाला. दुकानातलं डिंकाचं पाणी आलं, त्यानं रंग वेगळाच यायला लागला. चार दिवस उरले, मग तीन. अप्पा म्हणाले, "जुळलं नाहीं, मी काय करूं? शब्द दोन्हीकडून असतो."

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात आईसमोर बसले आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. हा हट्ट आहे, वेडेपणा आहे, उद्या डोळा गेला की भिंत घेऊन काय करायची आहे. आई फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबत होती. ती म्हणाली, "भिंत भिंत काय करतेस? तूं एक बघितलंस कां? कॉफी घेऊन मी पुढे गेलें कीं ते नवा डोळा मिटतात."

मी म्हटलं, "सवय झाली असेल."

"पेपर वाचतांना नाहीं मिटत. हेडमास्तरांशी बोलतांना नाहीं मिटत." तिनं फिल्टरचं झाकण लावलं. "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीं एकदां बघितलं त्यांनीं मला, दोन्ही डोळ्यांनीं. मग मिटला तो मिटला. मदग्याला गेरू आहे. मला काय लावतील?"

ती हसत होती. माझी आई शहात्तर वर्षांची आहे, आणि मी तिच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं असं मला वाटतं. गालांची कातडी सैल होऊन खाली आलेली, भुवया जवळजवळ नाहीतच, मान बारीक झालेली. मी रोज तिच्याबरोबर राहते आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदूही नाही. आजही त्याची रुखरुख लागते.

मग आईनं जे केलं ते फक्त मी पाहिलं. तिनं ओट्यावरचं पातेलं उचललं, त्यात सकाळची उरलेली कॉफी होती, दूध न घातलेली, दाट काळी. ती मागच्या दारानं बाहेर गेली. रंगारी फाटकापाशी पानाची पिंक टाकत होता. त्याची बादली कमानीखाली होती. आईनं पातेलं सगळंच्या सगळं बादलीत ओतलं, काठीनं दोनदा ढवळलं आणि आत येऊन पातेलं घासायला बसली.

"आई, हे काय?"

"डोळा वांचायला पाहिजे कीं नाहीं?" ती म्हणाली. "मग मला बघोत नाहीं तर न बघोत."

रंगाऱ्यानं येऊन त्याच बादलीतून तुकडा केला. संध्याकाळी अप्पांना अक्षरशः ओढून बाहेर आणलं. त्यांनी सूप नाकाला लावलं. बाकीचे चौघं म्हातारे मागे रांगेत उभे होते. अप्पांनी सूप काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. "परवांच्यापेक्षां बरं," ते म्हणाले. "हेंच." रंगारी छाती फुगवून म्हणाला, शेवटी हात आहे सार, प्रमाण नव्हे. आणि तो पुढचे दोन दिवस सगळं घर रंगवत बसला. दर बादलीला तो काही ना काही सामान आणायला जायचा आणि दर बादलीला आई पातेलं घेऊन मागच्या दारानं जायची. आमच्या घरी त्या दोन दिवसांत जेवढी कॉफी गाळली तेवढी लग्नातही गाळत नाहीत. सगळ्यावर शेवटी वार्निशासारखं पारदर्शक रोगण फिरलं, गाईच्या जिभेला पुरून उरणारं.

अप्पांनी शब्द पाळला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यावरची पट्टी काढली. ऑपरेशन अवघड गेलं होतं, पण डोळा वाचला होता. त्यांनी अप्पांना सांगितलं, आता हळूहळू दोन्ही उघडा. समोर आई उभी होती. मी मुद्दाम बाजूला सरले होते, आणि आईनं मुद्दाम पदर डोक्यावरून जरा पुढे ओढून घेतला होता.

अप्पांनी डोळे उघडले. आता झाकायला त्यांच्याकडे कुठलाच डोळा नव्हता. ते आईकडे बघत राहिले, इतका वेळ की नर्सनं मला डोळ्यांनीच विचारलं, दिसतंय ना यांना?

"किती थकलीस ग तूं," अप्पा म्हणाले.

"तुम्ही भिंत बघत होतां," आई म्हणाली. "तंवर थकलें."

आम्ही ऑटोनं घरी आलो. फाटकापाशी सगळी पलटण जमलेली होती: रंगारी नवी लुंगी नेसून, हेडमास्तर, तिघं म्हातारे, त्यातल्या एकाच्या हातात आमचं सूप. रंगाऱ्यानं आपला मुखवटा उतरवून ठेवला होता, काम संपलं म्हणून. हेडमास्तर त्यांचा मुखवटा उतरवायला तयार नव्हते, गिलावा व्हायचा आहे म्हणून. सकाळचं ऊन भिंतीवर पडलं होतं. खोटं कशाला बोलू, भिंत सुंदर दिसत होती. कुंकवाच्या करंड्यात चिमूटभर कॉफी सांडावी तशी.

अप्पा ऑटोतून उतरले, वळले, आणि त्यांनी आईला उतरायला हात दिला. मी जन्मल्यापासून त्यांनी तसा हात दिलेला मी पाहिला नव्हता. आईलाही तो घ्यायचा कसा ते कळेना, तिनं आधी औषधांची पिशवीच त्यांच्या हातात दिली. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी पुन्हा हात पुढे केला. मग ती दोघं पायरीकडे निघाली, अप्पा पायऱ्यांकडे आणि तिच्या पावलांकडे बघत.

"सार," रंगारी मागून म्हणाला, "कलर?"

"उद्यां बघूं," अप्पा म्हणाले, आणि आत गेले.

रंगारी भयंकर दुखावला. तो त्यानंतर चार वेळा येऊन गेला, चारही वेळा अप्पांनी त्याला उद्या म्हणून सांगितलं. संध्याकाळी अप्पा अजून ओसरीवर बसतात. खुर्चीचं तोंड मात्र बदललं आहे. ते आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे असतं, आणि आई तिथे भाजी चिरत असते. पहिले दोन-तीन दिवस तिनं सहन केलं. मग एका संध्याकाळी तिनं विळीवरून मान वर केली आणि ओरडली, "अहो, भिंत तिकडे आहे!"

"ठाऊक आहे," अप्पा म्हणाले. "मींच बांधली ती."